वाल्दोनी सरांनी बदललेले बाक

टोरांटोच्या नॉर्थ यॉर्क भागातल्या वास्तुरचना कार्यालयात मी मुलाखतीला गेले, तेव्हा चेझारे वाल्दोनी यांनी माझी फाइल उघडलीसुद्धा नाही. वसईच्या आमच्या स्वयंपाकघराचा नकाशा काढायला सांगितला आणि विचारलं, ओटा कुणाच्या उंचीचा आहे? मला सांगता येईना. तरीही त्यांनी मला कामावर घेतलं.

इटलीतून तरुणपणी इथे आलेल्या सरांनी टोरांटोच्या आसपास वाचनालयं, चर्च, शाळा उभारल्या. भिंतींवर चित्रं रंगवली, खुर्च्या आणि दिवे घडवले. त्यांच्या लेखी ही निरनिराळी कामं नाहीतच. खुर्ची चुकली तर खोलीही चुकली, असं ते मानतात. सर रागीटही आहेत. त्यांनी केलेल्या इमारतीच्या मॉडेलला न विचारता हात लावला तर दिवसभर अबोला. गौरवलेखात असं लिहू नये म्हणतात, पण खोटं कशाला लिहू?

हॅमिल्टनच्या एका रुग्णालयासाठी त्यांनी मेपलच्या लाकडाचे बाक केले. बुटके, हात नसलेले, अतिशय देखणे. सगळ्यांनी वाखाणले. तेव्हा माझी आई इथे आली होती. कौतुकाने तिला दाखवायला नेलं. ती बसली आणि म्हणाली, "बाय, बसले खरी. आता उठवणार कोण?"

माझा पीआरचा, म्हणजे कॅनडात कायम राहण्याच्या परवान्याचा, अर्ज याच नोकरीच्या भरवशावर होता. आठवडाभर मी तोंड उघडलं नाही. शेवटी राहवेना, तेव्हा सरांना सांगून टाकलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि पुन्हा आपल्या कामाला लागले. आपलं इथलं आटोपलं, असं मी धरून चालले.

शनिवारी सर आमच्या बेसमेंटमधल्या घराच्या दाराशी हजर. आईला हॅमिल्टनला नेऊन त्यांनी दहादा बसवलं, उठवलं, तिच्या कोपराची उंची मोजली. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती, पण अडलं काही नाही. सोमवारी कार्यालयात सर्वांसमोर माझ्याकडे बोट दाखवत ते म्हणाले, "मी माझ्याच गुडघ्यांचा विचार केला. चूक माझी. फ्लोरी बोलली. तुम्ही बाकीचे गप्प का होता?"

बाकांना हात बसले. पुढे माझा अर्जही मंजूर झाला.

आज मी त्याच कार्यालयात भागीदार आहे. गेल्या आठवड्यात एका नव्या सहकारिणीने भीतभीत मी आखलेल्या जिन्यातली चूक दाखवली. मला आधी रागच आला. तो गिळून "थँक यू" म्हणायला मला अख्खी दुपार लागली.

सर, पंचाहत्तरी झाली, आता शंभरी गाठा आणि धडधाकट राहा. तुमच्याकडून शिकायचं माझं अजून बरंच राहिलं आहे.