कोटाच्या अस्तराआडचं कापड

ताईंची कात्री चांगली चालायची, पण जीभ तिच्याही पुढे. माप घेता घेता त्या गिऱ्हाइकाचं आजारपण, सासर, शेजारपाजार सगळं काढून घेत. कोपऱ्यात त्यांचे यजमान मुकाट्याने इस्त्री करत. दोघांच्या वाटचं बोलणं ताईच उरकायच्या.

कपडे बेतायचं आणि शिवायचं काम दुकानातल्या काडी नावाच्या मुलीचं. अंगाने तशीच, म्हणून हे नाव. ती नोकरी सोडून चौकातल्या गणवेशाच्या दुकानात गेली आणि ताईंना ते फार लागलं. हाताला धरून शिकवलेली पोर! आधी त्या सांगायच्या, "उशिरा यायची. उलट बोलायची." खरंच होतं ते. पण ऐकणारे "हो का?" म्हणून विषय बदलायचे. मग गोष्टीला तिखटमीठ लागलं. काडी असताना गिऱ्हाइकांना परत द्यायला कापड उरत नव्हतं, एवढंच ताईंनी पाहिलं होतं. बाकीचं त्यांनी स्वतः रचलं. "घरी न्यायची हो, पिशवीतून!" यावर मात्र सगळ्यांचे कान टवकारले. नव्या मालकाने चौकशीला फोन केला, त्यालाही तेच. बाजारात काडीची आई भेटली, तिलाही तेच, वर "मुलीवर लक्ष ठेवा" हा फुकटचा सल्ला.

नव्या दुकानात काडीच्या हातातली कात्री गेली आणि तिला बटणं लावायला बसवलं.

एक दिवस वकीलबाई काळा कोट घेऊन आल्या. "पोटाने दगा दिला, ताई. सैल होईल?"

"काडीने शिवलाय. आत काय ठेवलं असणार?" म्हणत ताईंनी अस्तर उसवलं. आत चांगलं दोन बोटं रुंद कापड, नीट दुमडलेलं. बाह्यांत तसंच, घेरात तसंच. ताईंनी बोटं लावून पुन्हा मोजलं.

यजमानांनी इस्त्री उभी केली. "लोक जाड होतात, त्यांचं कापड त्यांच्याच कपड्यात राहू दे, असं म्हणायची ती. तुलाही सांगत होती. तू बोलत होतीस."

"रागात बोलले हो मी," ताई पुटपुटल्या. "एवढं काय त्यात?"

"उशिरा यायची म्हणालात, ते खरं," वकीलबाई म्हणाल्या. "आवडत नव्हती म्हणाला असतात, तर ते तुमचं मत. पण खात्री न करता चोर म्हणालात आणि तिचं कटिंगचं काम गेलं. याला बदनामी म्हणतात. ती माझ्याकडे आली तर मी केस घेईन. हाच कोट घालून उभी राहीन."

ताईंनी पायात चपला सरकवल्या आणि तडक चौक गाठला. दुकान भरलेलं होतं. "मी खोटं बोलले," त्या मोठ्याने म्हणाल्या. "हिने चिंधीसुद्धा नेली नाही."

मालक ओशाळला. "उद्यापासून कटिंगला बस," तो काडीला म्हणाला. ताईंना हायसं वाटलं.

काडीने बटणाचा दोरा ओढून तोडला. "ताई, मी अंघोळीला गेले तेव्हा आईने माझं कपाट उपसून पाहिलं. तेव्हापासून आम्ही दोघी बोलत नाही."

ताई दाराकडे वळल्या.

"आई घरी असेल आता?" त्यांनी विचारलं.

"असेल."