राखीव घोडेस्वाराचा नातू

सर्वणचे एक म्हातारे गृहस्थ डिचोलीच्या वाचनालयात जायला रोज माझ्या स्कूटरला हात करायचे. नाव मी कधी विचारलं नाही. मागे ताठ बसायचे आणि चढ आला की टाचांनी स्कूटरला टोचायचे. "आमचो आजो पहिल्या महायुद्धातलो राखीव घोडेस्वार!" वाचनालयात त्याच आजोबांचा शोध चालला होता. टाचांनी स्कूटर बिथरत नसे, मीच बिथरायचो.

एकदा परतताना चढावरही टाच हलली नाही. मी विचारलं, तर म्हणाले, "सापडलो रे आजो. लढाईत राखीव स्वारांचे घोडे काढून घेतले आनी पायदळात धाडले. तो चलत गेलो."

दुसऱ्या दिवशी मी आपणहून स्कूटर थांबवली. त्यांनी छत्री बंदुकीसारखी खांद्यावर टाकली आणि मला हातानं पुढे जायची खूण केली.

"तू फुडें वच, बाबा. आमी पायदळातले."