चहा निवेपर्यंत

इंदापूरकडची मंडळी मला बघायला जळोचीला आली, तेव्हा आत्याने अट घातली. पोरगा-पोरगी गच्चीवर बोलतील, पण चहा निवेपर्यंतच. "निवला की खाली यायचं. मी कपाला हात लावून बघणार हाय," तिनं सगळ्यांदेखत बजावलं.

मी सातवीला विज्ञान शिकवते. उष्णता गरम वस्तूकडून थंड वस्तूकडे जाते, हे पोरांकडून किती वेळा घोकून घेतलंय. ते स्वतःच्या लग्नात कामी येईल असं स्वप्नातही वाटलं नव्हतं. मला त्याला एकच विचारायचं होतं, लग्नानंतर मी बारामतीतली नोकरी सोडली नाही तर चालेल का. नाही म्हणाला तर विषय संपला, हे मी ठरवून टाकलेलं. पण मी भित्री. धीर गोळा करण्यातच वेळ जाणार. म्हणून जाड कप निवडले, उकळत्या पाण्याने विसळले, वर बशा झाकल्या. आई म्हणाली, पोरीला वेड लागलंय. लागलंच होतं.

वर जाऊन मी बोलले कशावर, तर डाळिंबावर. फवारणी, तेल्या रोग, छाटणी. बाग त्याची आणि बडबड माझी! आत्या आली, कपाला बोट लावलं, कोमट झालाय म्हणाली आणि जिन्याकडे वळली. म्हणजे आता दोनच मिनिटं उरली.

तेवढ्यात त्याने दोन्ही कप सावलीतून उचलले आणि उन्हातल्या कठड्यावर नेऊन ठेवले. एप्रिलचं ऊन, कठड्यावर हात टेकवत नव्हता.

"आता न्हाय निवायचा," तो म्हणाला. "काय इचारायचंय ते सावकाश इचारा."

मला हसू आवरेना. हसता हसताच विचारून टाकलं. त्यात काय, यष्टी रोज हाय की, म्हणाला. स्टँडवर तो स्वतः पोचवणार होता. मला तिथंच गिरकी घ्यावीशी वाटली.

आत्या पुन्हा आली, कपाला हात लावला आणि चटका बसून झटकला. कोमट झालेला कप परत तापला कसा, हे कोडं तिला अजून सुटलेलं नाही.

आता रोज सकाळी सहाच्या यष्टीआधी आम्ही दोघं चहाला बसतो. मी शाळेतल्या गोष्टी सांगत सुटते आणि तिकडे त्याच्या चहावर साय धरते.

"निवला की तुझा," मी म्हणते.

"निवू दे," तो म्हणतो. "तू बोल."