परवाचं दुखणं

“दुखणं किती, असं विचारलं की मी पाच सांगतो, पाचावर कुणी धावत येत नाही.”

हे वाफेरावांनी भेटायला आलेल्या फिटरला, कारखान्यातल्या जुन्या सोबत्याला, सांगितलं तेव्हा जगातली शेवटची युक्ती आपल्याच हाती लागली आहे, असा त्यांचा चेहरा होता. वाफेराव हे त्यांचं कारखान्यातलं नाव. कापड रंगवायच्या कारखान्यात एकतीस वर्षं त्यांनी बॉयलर सांभाळला. बुटका बांधा, पुढे आलेलं पोट, चार पायऱ्या चढल्या की फुसफुस. “पोट मलाही आहे आणि बॉयलरलाही,” ते म्हणायचे. “पण त्याला दर वर्षी तपासणीचा दाखला मिळतो.”

आता दाखला त्यांनाही मिळाला होता. प्रोस्टेटचा कॅन्सर, तिथून कमरेच्या हाडांत. “वहिनींसमोर नाव घेता येईल असा अवयवसुद्धा मला धड निवडता आला नाही,” एवढंच त्यांनी त्यावर फिटरला ऐकवलं. बरं होणार नाही, हे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. दुखणं मात्र आटोक्यात ठेवता येईल, हेही सांगितलं होतं. त्यासाठी इस्पितळाच्या वेदनाशमन विभागातली सिस्टर दर बुधवारी घरी यायची. तिने एक वही दिली होती. दिवसातून चार वेळा दुखण्याचा आकडा लिहायचा. शून्य म्हणजे काहीच नाही, दहा म्हणजे याच्यापुढे सोसणं नाही. आकड्यांवरून औषध ठरणार.

वही नेमकी चुकीच्या माणसाच्या हातात पडली. बॉयलरवर दर तासाला दाबाचा आकडा नोंदवहीत चढवायचा असतो. पण काटा बहुतेक एकाच जागी ढिम्म उभा, मग तासातासाला उठायचं कशाला? वाफेराव पाळीवर आले की पहिल्या दहा मिनिटांत आठही तासांचे आकडे लिहून टाकत आणि गरम भिंतीला पाठ लावून बसत. एकदा तपासनीस सकाळी अकराला आला आणि त्याला दुपारी तीनचा दाब वाचायला मिळाला. त्या दिवसापासून कारखान्यात ज्योतिष विचारायचं झालं की लोक वाफेरावांकडे यायचे.

घर दुसऱ्या मजल्यावर. खाली उतरायला अडतीस पायऱ्या. समोर सायकल दुरुस्तीचं दुकान, दुकानापुढे एक बाक. रोज सकाळी फिटर आणि आणखी दोघे निवृत्त तिथे बसत. बाकाच्या टोकाला खिळा वर आलेला. ती जागा वाफेरावांची. गेले पाच आठवडे ती रिकामी होती. त्यांना एकदा, निदान एकदा, खाली जाऊन त्या जागेवर बसायचं होतं. यापेक्षा मोठी इच्छा धरायला माणूसही मोठा लागतो, आणि तो अंदाज आपल्याला आहे, असं ते मानत.

मग पाचावर अडून का बसायचं? कारण सहा म्हटलं की सिस्टर मॉर्फिन देईल. फिटरच्या साडूला ते सुरू केलं आणि आठव्या दिवशी तो गेला. पाच आणि सहा यांच्यामध्ये एक दार आहे आणि पलीकडे खोली नाही, असं वाफेरावांनी मनाशी पक्कं करून टाकलं होतं. दाराला पाठ लावून ते बसले होते. पाठच दुखत होती, ही गोष्ट निराळी.

त्या बुधवारी सिस्टरने स्टूल ओढलं आणि वही उघडली. पान उलटलं. परत मागे घेतलं.

“काका, आज वार कोणता?”

“बुधवार. डोकं शाबूत आहे, सिस्टर. फोटो काढला तेव्हा आत काहीच सापडलं नाही म्हणाले.”

“मग शनिवारी संध्याकाळी पाचच दुखणार, हे तुम्हाला आज कसं कळलं?”

वाफेरावांनी पंख्याकडे पाहिलं. पंख्याकडूनही मदत आली नाही. स्वयंपाकघराच्या दारात बायको कप घेऊन उभी होती.

“परवाचं दुखणं आजच लिहून मोकळे झालात?” ती म्हणाली. “एकतीस वर्षं हेच केलं यांनी. मला वाटायचं, वाफ तरी खरी असेल.”

“अगं, सरासरी काढली मी.”

“थांबा, दाखवते तुमची सरासरी.” कप ठेवून ती न्हाणीघरात गेली आणि टॉवेलची दांडी हातात घेऊन आली. स्टीलची दांडी, मधोमध धनुष्यासारखी वाकलेली. “हा बघा यांचा पाच. उठताना दोन्ही हातांनी धरतात. ओल्या टॉवेलाने वाकली म्हणे! टॉवेल काय लोखंडाचा आहे?”

सिस्टर हसली नाही. दांडी तिने मांडीवर आडवी घेतली. “भीती कशाची वाटते, काका?”

याचं उत्तर त्यांनी कुठल्याच तासाला आगाऊ लिहून ठेवलं नव्हतं. फिटरच्या साडूचं त्यांनी सांगितलं, तेही इकडेतिकडे बघत, जणू साडू त्यांचाच आणि चूकही त्यांचीच.

“त्यांना ते अगदी शेवटी मिळालं,” सिस्टर म्हणाली. “आधीचे महिने दात-ओठ खाऊन काढले असतील. ते आजाराने गेले, काका. औषध उशिरा आलं, म्हणून त्याच्यावर आळ आला. तुमचे दिवस किती, ते माझ्या हातात नाही. कसे जावेत, त्यात थोडंफार आहे.”

“आमच्याकडे दाब वाढून सेफ्टी व्हॉल्व्ह उडाला की ऑपरेटरची नाचक्की व्हायची,” ते पुटपुटले. “माझा एकदाच उडाला. आख्खा कारखाना बघायला आला होता.”

“आणि दर सोमवारी दांडा ओढून तो उघडून कोण बघायचं?” बायकोचा आवाज चढला आणि मध्येच फाटला. “जेवता जेवता तुम्हीच सांगायचात ना, उघडला नाही तर गंजून बसतो, मग बॉयलर छतासकट जातो? मी शेजारी झोपते, अहो. मला आकडा कळत नाही होय?”

वाफेराव विनोद शोधत राहिले. एरवी खिशात हात घातला की सापडायचा.

“नऊ,” ते म्हणाले. “उठताबसता नऊ. पडून राहिलो तर सहा.” मग वहीकडे बोट दाखवत, “दहा देत नाही. काटा टोकाला टेकला की पुढचं काही वाचता येत नाही.”

सिस्टरने शनिवारपर्यंतचे सगळे पाच रेघ मारून खोडले आणि डॉक्टरांना फोन लावला. मॉर्फिनचं पातळ औषध दर चार तासांनी, घड्याळ बघून. दुखायची वाट बघायची नाही. हालचाल करायच्या अर्धा तास आधी हवा तर एक जादा डोस. त्याने बद्धकोष्ठ होतं म्हणून पोट साफ ठेवायचं औषध रोज, न चुकता.

“म्हणजे एक झडप बंद करायची आणि एक उघडी ठेवायची.”

“अहो!” बायको म्हणाली, पण कप उचलताना तिचे खांदे सैल झाले होते.

पहिले दोन दिवस ते नुसते झोपले. एकदा उलटी झाली. सिस्टरने फोनवरून त्यावर गोळी सांगितली. वही बायकोने ताब्यात घेतली, कारण त्यांच्या आकड्यांवरचा विश्वास उडाला होता. तो मुळात फार उंचीवर नव्हताच. सात. पाच, आणि या वेळी खरा. चार. तीन. दुखणं गेलं नव्हतं. भिंतीपलीकडच्या बिऱ्हाडासारखं झालं होतं. आवाज यायचे, पण भांडण शेजाऱ्यांचं असायचं.

मंगळवारी सकाळी त्यांनी जादा डोस मागून घेतला. अर्ध्या तासाने उठले. सदरा घातला. पोटावरचं जे बटण वीस वर्षं लागलं नव्हतं ते लागलं, आणि वर चार बोटं जागा उरली. त्यावर बोलण्यासारखं पुष्कळ होतं.

बायको पेन्सिल घेऊन आली. “आता किती?”

त्यांनी दोन बोटं दाखवली आणि चपला पायात सरकवल्या. तिने काठी पुढे केली. मग आत जाऊन टॉवेलाची चौपदरी घडी आणली.

“खिळा आहे तिथे,” ती म्हणाली. “आता तुमच्या अंगावर मांस नाही. मी येऊ का खालपर्यंत?”

त्यांनी मानेनेच नको म्हटलं. घडी काखेत धरली, दार उघडलं आणि एक शब्द न बोलता पहिली पायरी उतरले.