पिकअप गणपतीक कित्याक?

आमच्या रिक्षा स्टँडवर लवूइतका नशीबवान माणूस नाही, असं मी दोन हजार चारच्या चतुर्थीपर्यंत सगळ्यांना सांगत होतो. त्याची रिक्षा जुनी, माझी नवीकोरी. त्याची धापा टाकत सुटायची, माझी मूठ पिळली की उडी मारायची. असं पिकअप अख्ख्या मालवणात कोणाचं नव्हतं. तरी गणपतीच्या शाळेतून, म्हणजे मूर्ती घडवतात तिथून, जो तो आपला देव लवूच्याच रिक्षेतून न्यायचा. माझ्याकडे कोणी फिरकायचंही नाही. पोटात दुखायचं, खोटं कशाला बोलू?

लवू काही पोटातून शिकून आला नव्हता. आईला, राधाबाईला, मागे बसवून तिच्या मासळीच्या पाट्या रिक्षेतून वाहता वाहता शिकला. पाटीतलं पाणी लुगड्यावर सांडलं की म्हातारी मागून त्याच्या पाठीत गुद्दा घालायची. मला मेल्याला असं कोणी मारलं नाही.

एके वर्षी लवू मिळाला नाही म्हणून सुभद्राकाकू देव घेऊन माझ्या रिक्षेत बसल्या. वळणावर गुरं आडवी आली, मी ब्रेक मारला आणि देवाचा मोदकाचा हात निखळला. ऐनवेळी दुसरी मूर्ती आणावी लागली. माझा काटा तिसावर होता, देवाशप्पथ. मग मी एकदा लवूच्या मागे रिक्षा लावून पाहिलं. तोही तिसावरच. वेग तोच, म्हणजे त्याचं नशीब आणि माझी साडेसाती, असं मी ठरवून टाकलं.

हेच घरी सांगून मी म्हणालो, यंदा आपला गणपती मीच आणणार. बायको सुगंधा देवाचा पाट पुसत होती. तिने वरही पाहिलं नाही.

"तुमच्या गाडयेक पिकअप आसा, तां खरां. पण पिकअप गणपतीक कित्याक व्हया? आपलो गणपती लवूच्या रिक्षेतून येतलो."

माझी रिक्षा दारात उभी, आणि मी लवूच्या मागच्या सीटवर, मांडीवर देव घेऊन. सगळं स्टँड बघत होतं. मनात काय आलं सांगू? देवाचा हात मोडला तरी चालेल, पण एकदा तरी या लवूकडून धक्का बसू दे.

धक्का बसलाच नाही. मी डोळे फाडून काट्याकडे बघत होतो. काटा तिसावर चढला, पण कधी चढला ते माझ्या मांडीला कळलं नाही. वळणावर पुन्हा गुरं. लवूने लांबूनच मूठ सैल सोडली, आणि गुरांजवळ पोचेपर्यंत रिक्षा आपसूक थांबत आली होती. तीस माझेही होते. पण माझे उडी मारून यायचे आणि आपटून जायचे. देवाचा हात मोडला तो वेगाने नव्हे, वेग बदलायच्या माझ्या घाईने. हे कळलं आणि मी आणखीच जळलो, कारण आता नशिबालाही बोल लावता येईना.

दारात सुगंधाने देवाला ओवाळलं आणि लवूला चहाला थांबवलं. निघताना तो मला म्हणाला, "गंगाराम, फुडल्या वर्षी तू चलव. मी देव घेवन मागे बसतंय."

त्याच्या चांगुलपणाचा तर मला जास्तच राग आला.

हल्ली रस्ता रिकामा असला की मी मागच्या सीटवर पाण्याने काठोकाठ भरलेला तांब्या ठेवून रिक्षा चालवतो. लवूने सांगितलेली चतुर्थी तोंडावर आली आहे. तांब्या अजून सांडतो.