म्हादईत टेकलेला पाय

तुयेंच्या कारखान्यात यंत्रांच्या गोंगाटात बोलून बोलून माझा आवाज मोठा झाला आहे. घरात मी साधं "चहा कर" म्हटलं तरी शेजारचं कुत्रं भुंकतं, असं बायको म्हणते. या आवाजाने कुणाचा जीव जाऊ शकतो, हे मात्र मला पन्नाशी गाठेपर्यंत कळलं नव्हतं.

पावसाळ्यातला रविवार होता. कारखान्याची सहल वाळपईच्या पुढे म्हादईवर राफ्टिंगला गेली होती. आमच्या राफ्टवर पुढे मी आणि बायको, मागे आमचे कोल्हापूरकडचे चार ऑपरेटर आणि सगळ्यांच्या मागे गाईड. मदतीला म्हणून एक जण छोट्या कयाकमधून वल्हवत आमच्या बरोबर होता. गाईड हिमालयाकडचा, चाळिशीचा, कमी बोलणारा. वल्ही वाटताना त्याने हिंदीत एकच गोष्ट तीनदा सांगितली. पाण्यात पडलात तर उभं राहायचं नाही. उताणं व्हायचं, पाय वर ठेवायचे आणि प्रवाहाबरोबर जायचं. खाली खडक आहेत, फटीत पाय अडकला तर मागचं पाणी तुम्हाला तोंडावर पाडेल आणि वर येऊ देणार नाही.

"आता डोंगरातलो मनीस आमका न्हंय शिकयतलो," मी बायकोच्या कानात म्हटलं. ती हसली नाही.

मला कुणी नदी शिकवायची नाही, हा माझा माज उगाच नव्हता. माझं गाव पेडण्यात, शापोरा नदीच्या काठावर. ओहोटीला आम्ही कमरेएवढ्या पाण्यात उभे राहतो आणि चिखलातल्या तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या, पायाने चाचपून काढतो. कुणी घसरून पडलं की काठावरून सगळे एकच ओरडतात, "पाय टेक!" खाली मऊ चिखल असतो, उभं राहिलं की पाणी छातीलाही लागत नाही. बायकोचं माहेर शिरगावचं. तिकडे पाणी म्हणजे खाणीतल्या खड्ड्यांचं, त्याच्या जवळ कुणी फिरकायचं नाही. त्यामुळे लग्न होऊन आली तेव्हा ती नदीला भ्यायची. मीच तिला हाताला धरून शापोऱ्यात उतरवलं. ती धडपडली की मी ओरडायचो, "पाय टेक गो!" आणि ती टेकायची.

म्हादईतले पहिले दोन खळाळ आम्ही मजेत पार केले. राफ्टचं नाक वर जायचं, गढूळ पाणी तोंडावर थाडकन बसायचं आणि मागचे कोल्हापूरकर आरोळ्या ठोकायचे. तिसऱ्या ठिकाणी राफ्ट एका मोठ्या खडकावर आडवी चढली. माझी बाजू वर उचलली गेली, बायकोची खाली गेली. मी दोरी पकडली. शेजारी बघितलं तर ती नव्हती.

दहा-बारा हातांवर तिचं नारिंगी जॅकेट वर आलं. ती उताणी होती, पाय वर होते, सगळं अगदी सांगितल्यासारखं. "पैर ऊपर! ऊपर ही रखो!" गाईड ओरडत होता. आणि त्याच्यावर वरताण मी ओरडलो, "पाय टेक गो! टेक पाय!"

तिने पाय टेकले. क्षणभर ती सरळ उभी राहिली, पाणी मांड्यांपर्यंतच होतं. बघा, असं मला वाटलं. खरंच वाटलं, खोटं कशाला सांगू? मग कुणी पाठीत लाथ घातल्यासारखी ती पुढे पडली आणि पाणी तिच्या डोक्यावरून जाऊ लागलं. नदी धावत होती आणि नारिंगी जॅकेट एकाच जागी होतं. मी ते नुसता बघत राहिलो. हे माझ्या डोक्यात शिरतच नव्हतं. मी अजूनही "टेक, टेक" ओरडत होतो, हे मला नंतर सांगितलं.

"आप चुप!" गाईडने मला ढकललं. राफ्ट त्याने खडकावरून सोडवून तिच्या खालच्या बाजूला, काठालगतच्या संथ पाण्यात घातली आणि दोरीची पिशवी पलीकडच्या काठावर फेकली. सोबतच्या कयाकवाल्याने ती तिकडून धरली. इकडचं टोक आमच्या ऑपरेटरांनी काठावर उतरून धरलं. नदीवर आडवी ताणलेली दोरी दोन्ही काठांनी वर चालवत त्यांनी तिच्या छातीखाली आणली. तिचं डोकं बाहेर आलं. तिने घेतलेला तो श्वास मला पाण्याच्या आवाजातही ऐकू आला. मग गाईड कमरेला दोरी बांधून तिच्यापर्यंत गेला आणि तिला ज्या बाजूने पाणी येत होतं त्या बाजूला ओढू लागला. दोन वेळा पाय सुटला नाही. तिसऱ्या वेळी सुटला. माझ्या हातात तेव्हाही वल्हंच होतं.

काठावर तिला टेकून बसवलं. घोटा वाकडा झाला होता, ओठ पांढरे पडले होते. खोकून खोकून तिने पाणी बाहेर काढलं. घाबरलो की मला राग येतो. त्या रागात, सगळ्यांसमोर, मी तिच्यावरच ओरडलो.

"तो येवडो बोंबलता, तुका आयकाक नाय इलां?"

तिने वर बघितलं. तिला राग नव्हता. एखादी साधी गोष्ट सांगावी तशी ती म्हणाली,

"इलां मगो. पण तुमी टेक म्हटलास. म्हणान मियां पाय टेकलो."