उजव्या हातातली दोरी

आमच्या ह्यांना पन्नाशीत मासे धरायचा नाद लागला. दारूचा नाही, पत्त्यांचा नाही, मासे! आणि आम्ही कोण, तर चातुर्मासात ज्यांच्या घरात कांदासुद्धा उंबरा ओलांडत नाही असे सांगलीचे. नोकरीपायी म्हैसूरला आलो. हे नंजनगूडच्या एका कारखान्यात, मी बँकेत. जयलक्ष्मीपुरमला घर घेतलं, सगळं सुरळीत चाललं होतं आणि एक दिवस कुरिअरने एक लांबलचक नळकांडं आलं. त्यातून निघाला फ्लाय रॉड, म्हणजे मासे धरायची लांब, लवचिक काठी.

सासूबाईंना फोनवर सांगताना माझी कोण त्रेधा. "खातो की काय तो?" त्यांनी पहिलं हेच विचारलं. मी म्हटलं, नाही हो, धरतात आणि परत पाण्यात सोडून देतात. मग म्हणाल्या, "मग धरतो कशाला?"

नेमका हाच प्रश्न शेजारच्या काकूंनी विचारला, पण अगदी उलट्या बाजूने. काकूंचे पूर्वज जुन्या म्हैसूर संस्थानाच्या फौजेत आले आणि इथलेच होऊन गेले. घरात मराठी बोलतात, पण निम्मी कन्नड. गवत्या माशाला त्या हुल्लुगेंडे म्हणतात आणि त्याचं झणझणीत सारू, म्हणजे कालवण करतात. ह्यांनी हातभर लांब गवत्या धरून सोडल्याचा फोटो दाखवला, तर काकूंनी कपाळावर हात मारला. "अय्यो, एवढा मोठा सुम्ने सोडला? सुम्ने?" सुम्ने म्हणजे उगीच. त्या दिवसापासून ह्यांचं नाव त्यांनी मनातल्या मनात सुम्ने ठेवलं असणार, मला खात्री आहे.

पण बाई दिलदार. त्यांच्या माहेरचं शेत नंजनगूडच्या रस्त्याला आहे, शेतात मोठं तळं आहे, भावाने त्यात रोहू, कटला, गवत्या असं सगळं सोडलेलं. "तिथे जा, कोण काय बोलणार नाही. फक्त कधीतरी एक तरी घरी आणा," म्हणाल्या. हे गेले, आणि त्या तळ्याच्या प्रेमातच पडले. काठावर एक म्हातारा उंबर आहे, पाण्यावर पार ओणवा झालेला. पिकलेली उंबरं टप् टप् पाण्यात पडतात आणि खाली गवत्या मासे वाटच बघत असतात. नुसत्या आवाजावर येतात.

मग ह्यांच्या डोक्यात किडा शिरला, की उंबरासारखंच काहीतरी गळाला बांधायचं. साध्या गळाला आमिषाचं वजन असतं, ते भिरकावता येतं. ह्यांच्या त्या प्रकारात गळाला बांधलेली वस्तू लोकरीच्या बोंडाएवढी हलकी, ती जाणार कशी? तर दोरीच जाड नि जड असते, ती मागे-पुढे हवेत खेळवत न्यायची आणि तिच्या जोरावर ते हलकं बोंड हव्या त्या जागी उतरवायचं. एका हातात रॉड, दुसऱ्या हातात ती दोरी. मासा तोंड लावतो ते पहिल्यांदा दोरीच्या हाताला कळतं. हे मला ह्यांनी इतक्या वेळा सांगितलंय, की झोपेतून उठवून विचारलंत तरी सांगेन.

बोंडं करायचं काम अर्थात माझ्याकडे आलं. माझ्या जुन्या विटकरी स्वेटरची लोकर, गळाला घट्ट गुंडाळून, कात्रीने गोल छाटलेली. मासा खायचा सोडाच, बाजारात त्या गल्लीतून जाताना मी नाकाला पदर लावते. आणि रविवारी दुपारी बसून मी माशांसाठी लोकरीची उंबरं करत होते! पण खोटं कशाला बोलू, जमली होती झकास. एकदा खऱ्या उंबरांत मिसळून ठेवली, तर काकूंना हातात घेऊन दाबल्यावरच कळलं.

आणि मग ती सकाळ आली. हे दाढी करत होते, आणि ब्रश खाली पडल्याचा आवाज आला. मी स्वयंपाकघरातून ओरडले, "अहो, उचला की तो!" जाऊन बघते तर हे आरशासमोर उभे, उजवा हात लोंबलेला, आणि तोंड वाकडं करून काहीतरी सांगायचा प्रयत्न करत होते. दवाखान्यात वेळेत पोचलो म्हणून माणूस हाती लागला.

बोलणं आलं, चालणं आलं. उजवा हातही हळूहळू हलायला लागला, मूठ वळायला लागली. लोक म्हणायचे, वा, नशीबवान आहात. पण त्या हाताला कळत काहीच नव्हतं. हातात पेला धरलाय का नाही, हे ह्यांना बघूनच समजायचं. नजर दुसरीकडे गेली की पेला खाली. घरातले निम्मे कप तसेच गेले.

एकदा चहाचं आधण ओट्यावर उतरवलं होतं. हे शेजारी उभे राहून माझ्याशी काहीबाही बोलत होते, आणि उजवा हात त्या तापल्या पातेल्याला टेकलेला. मला वास आला तेव्हा कळलं. मी किंचाळले, हात ओढला, तर तळव्याला टरटरून फोड. मी रडत रडत मलम लावत होते, आणि हे शांतपणे म्हणाले, "अगं, हळू कशाला लावतेस? दाब की जोरात. मला काय फरक पडतो?" तेवढं वाक्य मला आजार झाल्यापासूनच्या दिवसांत सगळ्यात जास्त लागलं.

फिजिओथेरपीवाली मुलगी चांगली होती, गुळमुळीत बोलायची नाही. म्हणाली, स्पर्श यायचा असला तर बहुतेक पहिल्या वर्षात येतो, पुढे आशा कमी. तिने एक खेळ लावून दिला. हे डोळे मिटून बसायचे, मी उजव्या तळव्यावर एकेक वस्तू ठेवायची आणि ह्यांनी ओळखायची. चावी, लिंबू, वेलदोडा, कपड्याचा चिमटा. रोज संध्याकाळी दिवा लावून झाला की आमचं हेच. एक वस्तू ओळखतील तर शपथ! लिंबू ठेवलं की म्हणायचे, "तुझं प्रेम." चावी ठेवली की म्हणायचे, "तुझा राग." मी हसायचे, आणि आत जाऊन डोळे पुसायचे. कारण वर्ष सरत आलं होतं.

त्याच मुलीने शेवटी विचारलं, ह्यांना मनापासून आवडतं असं दोन्ही हातांचं काही काम आहे का? ह्यांचे डोळे असे काही चमकले, की मी मनात म्हटलं, झालं, आता ते नळकांडं बाहेर येणार.

आलंच. रॉड आता डाव्या हातात, आणि दोरी त्या मुक्या उजव्या हातात. आधी गच्चीवर सराव, गळ काढून टाकलेलं नुसतं बोंड लावून. सगळं आयुष्य उजव्या हाताने काढलेला माणूस पन्नाशी ओलांडल्यावर डाव्या हाताने शिकायला लागला. दोरी तुळशीला अडकली, पाण्याच्या टाकीला अडकली, एकदा तर काकूंच्या वाळत घातलेल्या साडीला जाऊन बिलगली. "नोडी, बघा, मला धरून पण सोडूनच देणार हे!" काकू पलीकडच्या गच्चीवरून ओरडल्या. हे हसून पुन्हा मागे-पुढे सुरू. चिडले नाहीत, वैतागले नाहीत. माझा स्वभाव कसा, दोन वेळा नाही जमलं की मी वस्तू फेकून देते. ह्या माणसाकडे एवढा धीर कुठून आला कोण जाणे! लग्नाला इतकी वर्षं झाली, पण ह्यांच्याकडे बघून छाती भरून यावी असं मला त्या गच्चीवर पहिल्यांदा झालं. हे मी ह्यांना अजून सांगितलेलं नाही, उगाच चढून बसतील.

अडचण एकच होती. दोरी उजव्या हातात आहे की निसटली, हे कळायला खाली बघावं लागायचं, आणि खाली बघितलं की बोंडावरची नजर जायची. तेव्हा मला कामाला लावलं. मी ह्यांच्या उजव्या बाजूला खुर्ची टाकून बसायची, मांडीवर अवरेकाईच्या, म्हणजे इथल्या पावट्याच्या, शेंगा सोलायला घ्यायची, आणि डोळे मात्र ह्यांच्या त्या हातावर. दोरी बोटांत असली की म्हणायचं, "आहे." निसटली की "सुटली!" सबंध सकाळभर आपलं आहे, आहे, आहे, सुटली! काकूंनी एकदा विचारलंच, "काय सुटली गं? नोकरी?"

मग तळ्यावर जायला लागलो. गाडी मी चालवायची, रॉड मागच्या सीटवर, डबा माझ्या पिशवीत. उंबराखाली सतरंजी घालून मी उजवीकडे बसायचे. माझ्यासमोर एवढं देखणं तळं, पलीकडे नारळी, आणि मी बघणार काय, तर नवऱ्याची बोटं! "मासा आला, बघ बघ!" हे कुजबुजायचे. बघू कसं? हातावरून नजर हलवायची नाही, हा ह्यांचाच नियम. दोनतीनदा माशाने बोंड तोंडात घेतलंसुद्धा, पण नेमकी तेव्हाच दोरी बोटांतून गळालेली. मी "सुटली" म्हणेपर्यंत मासा थुंकून पसार. हे नुसते म्हणायचे, "असू दे. पुन्हा." मी मात्र परत येताना गाडीत रस्त्यावरच्या प्रत्येक रिक्षावाल्यावर तोंडसुख घ्यायचे.

त्या दिवशी वारा अजिबात नव्हता. उंबर पिकून लगडला होता, आणि पाण्यावर तऱ्हेतऱ्हेची वर्तुळं उठत होती. ह्यांनी दोनदा दोरी खेळवली आणि बोंड फांदीखाली अगदी अलगद उतरवलं. टप्. खऱ्या उंबराचाच आवाज. डाव्या हाताने, बरं का! मी हातावर बघत म्हटलं, "आहे."

"आला," हे श्वास रोखून म्हणाले. "अगं, केवढा आहे."

आणि माझी नजर वर गेली. काय करू, एवढे दिवस कळ काढली होती, आता नाही राहवलं. हिरवट पाण्यात एक लांब, सोनेरी-काळसर अंग खालून वर येत होतं. घाई नाही, गडबड नाही. खवल्यान् खवला वेगळा दिसत होता, कुणी काळ्या दोऱ्याने कड शिवल्यासारखा. तो बोंडाखाली थांबला. माझ्या स्वेटरच्या लोकरीकडे त्याने चांगलं निरखून बघितलं, मग जाड ओठ उघडले आणि बोंड दिसेनासं झालं. इतकं सुंदर काही मी त्या तळ्यात कधी बघितलंच नव्हतं, कारण मला बघूच दिलं नव्हतं! मी तोंड उघडं टाकून बघत राहिले. हाताकडे बघायचं, काही म्हणायचं, सगळं विसरले.

ह्यांनी रॉड उचलला. आधी मासा निमूटपणे ओढला गेला, आणि मग जणू त्याला अक्कल आली. पाणी फुटलं. तो तळ्याच्या मधोमध सुसाट निघाला, आणि काठावर वेटोळं होऊन पडलेली दोरी सरसर उठायला लागली.

"हाय!" हे ओरडले. "भाजलं!"

मला आधी कळलंच नाही. मी दचकून ह्यांच्याकडे बघितलं. ह्यांची नजर पाण्यावर होती, हाताकडे नव्हती. उजव्या बोटांतून ती जाड दोरी घासत पळत होती, आणि ती बोटं, ती एवढ्या दिवसांची मुकी बोटं, आकसून तिला आवळत होती.

"अहो, दोरी..." माझ्या तोंडून एवढंच निघालं.

"आहे," हे म्हणाले. "सांगू नकोस. आहे हातात. मला कळतंय."

आणि आनंदाच्या भरात ह्यांनी ती इतकी गच्च आवळली, की दोरीच्या पुढची, बोंडाला बांधलेली बारीक नायलॉनची तंगूस ताडकन तुटली. मासा गेला. माझं उंबर पण घेऊन गेला. पाणी हलत राहिलं, मग तेही थांबलं.

हे तिथेच मातीत बसले. रॉड बाजूला पडला. उजवा हात डोळ्यांसमोर धरून बघत होते. पहिल्या बोटावर आडवा लालभडक वळ उठला होता. मी सतरंजीवरून उठून जवळ गेले. माझ्या स्वभावाप्रमाणे मी ओरडलेच, "एवढी कशाला आवळायची ती? गेला ना मासा! आता काकूंना काय सांगू?"

"सुम्ने सोडला म्हणून सांग," हे म्हणाले. हसत होते आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं.

मग मात्र माझाही धीर सुटला. मी पिशवीतून पाण्याची बाटली काढली, पदराचं टोक भिजवलं, ह्यांचं बोट हातात घेतलं आणि तो वळ पुसायला लागले. इतक्या दिवसांची सवय, हात जरा जोरातच पडला असावा. ह्यांनी पटकन बोट मागे ओढलं.

"हळू गं," हे म्हणाले. "लागतंय."